चौकोनांच्या फोनचा माणूस

त्याला आम्ही सगळे 'येईल' म्हणायचो. तोंडावर अहो-जाहो आणि पाठीमागे येईल. दुकानदारीची रीतच तशी आहे, आणि मी काही जगावेगळी दुकानदार नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "यात बँकेचं ॲप चालतं का?" हा काउंटरची काच पुसत म्हणायचा, "येईल." "आणि गाडी बोलवायचं?" "येईल, पुढच्या महिन्यात येईल." "मुलांचा तो नवा खेळ?" "तो तर येणारच आहे." असं एकही महिना न चुकवता तो सांगत राहिला आणि त्यातलं एकही ॲप आलं नाही. माझ्याकडचा रिपेअरवाला चहा देताना त्याला विचारायचा, "साखर घालू, की तीही येईल?" तो स्वतःच सगळ्यांत आधी हसायचा.

येईल माझा नोकर नव्हता. मोबाइलच्या धंद्यात ही एक गंमत आहे. कंपनी आपला माणूस तुमच्या दुकानात आणून उभा करते. पगार कंपनीचा, अंगावरचा शर्ट कंपनीचा, उभं राहायला फरशी मात्र तुमची. माझ्याकडे असे तिघे होते, तीन कंपन्यांचे. दोघं आपापल्या बड्या कंपन्यांच्या जिवावर नुसते मिरवायचे, त्यांचा माल न बोलता खपायचा. येईलला एकेका फोनसाठी घसा कोरडा करावा लागायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरायचे, पण दुपारच्या मोकळ्या वेळीसुद्धा स्टुलावर टेकायचा नाही. गिऱ्हाइकाला बसलेला विक्रेता दिसला की ते दुसऱ्याकडे वळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याचं नशीबच तसलं. आधी तो पेजर विकायचा. त्याच्याही आधी कुठल्याशा कंपनीचे व्हिडिओ प्लेअर, ज्यांच्या कॅसेटी दुसऱ्या कशातच बसायच्या नाहीत. "तुम्ही ज्या घोड्यावर बसता ना, तो घोडाच खाली बसतो," असं मी एकदा त्याला तोंडावर म्हटलं होतं. माझी जीभ जरा तिखट आहे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणाला, "घोडा बसला तरी मी उतरत नाही ताई, एवढंच माझं चुकतं."

फोन मात्र वाईट नव्हता. खरं ते खरं म्हटलं पाहिजे. उघडला की समोर मोठमोठे रंगीत चौकोन. हवा तो चौकोन हवा तेवढा मोठा करा, त्यावर आपल्या मनाचं चित्र लावा. हातातून पडला तर फुटायचा नाही. आणि मुख्य म्हणजे तो आमच्या भाषेत बोलायचा. लिहिलेलं वाचून दाखवायचा, एका बाईच्या स्वच्छ, ठाम आवाजात. त्या दोन बड्या कंपन्यांना आमच्या भाषेचं काही पडलेलं नव्हतं. आमच्यासारखे मूठभर लोक धरले काय आणि सोडले काय, त्यांना सारखंच. हिला पडलेलं होतं, कारण ही बुडत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि तिच्या हाताला लागलेल्या दोन-चार काड्यांपैकी एक आम्ही होतो.

दर महिन्याला कंपनीचे एरिया मॅनेजर यायचे. वयाने येईलच्या मुलासारखे, पण येईल त्यांना साहेब म्हणायचा म्हणून मीही साहेबच म्हणते. साहेब सगळ्या जगाची खबर घेऊन यायचे. कंपनी ज्या थंड देशांत जन्मली तिथले दुकानदार आता तिचा फोन काचेत ठेवायलाही तयार नाहीत. समुद्रापलीकडे गरिबीच्या मुलखात स्वस्त म्हणून बरा चालला होता, पण बड्यांनी तिथेही भाव पाडले. पूर्वेला तर सुरुवातच झाली नाही, तिथल्या लोकांचे स्वतःचे फोन आहेत. हे सगळं ऐकून झालं की येईल विचारायचा, "आणि आपल्याकडे?" "आपल्याकडे बरंय," साहेब म्हणायचे, "आपल्याकडे म्हाताऱ्यांना आवडतो." एवढ्यावर हा दिवसभर खूश. मला नवल वाटायचं. कंपनी पगारापुरती धनी, आणि हा जीव असा टाकतोय की सोयरीकच जुळली आहे.

एकदा तो शोकेसची किल्ली खिशात घालून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी उगवलाच नाही. फोन उचलेना. गिऱ्हाइकं दारात आणि माल काचेत कोंडलेला. मी तणतणत त्याचं घर गाठलं. तिसरा मजला, दोन खोल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत एका कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर चादर घातलेली. खिडकीशी हातांच्या खुर्चीत एक बाई बसली होती. तिचा उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडला होता. खुर्चीच्या डाव्या हाताला पट्ट्याने फोन बांधलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताच्या बोटाने एक चौकोन दाबला.

"कोण?" फोन म्हणाला. दुकानात रोज ऐकलेला तोच बाईचा आवाज.

मी फोनकडेच पाहत राहिले. तिने पुन्हा दाबलं. "कोण?"

"मी दुकानाची," मी म्हटलं. "तुमचे हे उभे राहतात ना, त्या दुकानाची."

"बस," फोन म्हणाला. मी बसले. मग तिचं बोट खाली सरकलं. "का?"

का आले होते ते मला सांगताच येईना. कुणी किल्ली मागायला अशा घरात शिरतं का? तेवढ्यात येईल मोरीतून बाहेर आला, बाह्या ओल्या, हातात पिळलेली चादर. रात्रभर हिला ताप होता, म्हणाला, फोन उचलायला सवड झाली नाही. किल्ली त्याने आपणहून काढून दिली आणि चहा टाकला. चहा पिताना सगळं सांगितलं. ती बायकांचे कपडे शिवायची. अर्धांगवायूचे दोन झटके आले. पहिल्यात हात गेला, दुसऱ्यात वाचा. अक्षरंही गेली, पाटीवर लिहून दाखवलेलं तिला कळायचं नाही. पण चित्रं कळत होती आणि जागा लक्षात राहत होत्या. मग त्याने घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले. त्यांचाच निळा तांब्या म्हणजे पाणी. तीच खिडकी म्हणजे खिडकी. कपाळाला हात लावलेला त्याचा स्वतःचा फोटो म्हणजे दुखतंय. एकेक चौकोन शिकायला तिला आठवडेच्या आठवडे लागले. कुठल्या चौकोनाची जागा बदलली तर ती रडायची, म्हणून त्याने कधी कुठला हलवला नाही.

एका चौकोनावर शिवणाची टेप होती. "ही कशाला?" मी विचारलं.

"ते 'का'," तो म्हणाला. "गळ्यात टेप अडकवून ही प्रत्येक बाईला उभं-आडवं विचारायची. गळा एवढा मोठा का? बाही आखूड का? कुणी सांगितलं? बायका म्हणायच्या, बाई गं, कपडा शिव, चौकशी नको. तिला 'का' दिलं नसतं तर तिने हा फोन खिडकीतून फेकला असता."

बाईने टेप दाबली. "का?" आणि तिचं अर्धं तोंड हसलं. मला भडभडून आलं. मी जोरात म्हटलं, "बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे," आणि पदराने नाक पुसलं.

जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा तो म्हणाला, "हा आवाज फोनच्या आत नसतो ताई. दाबलं की लांब कुठेतरी कंपनीच्या मशीनला निरोप जातो आणि तिथून शब्द येतो. कंपनी आपल्याकडे आहे तोवर ही बोलणार."

"आणि कंपनी गेली तर?"

"आपल्याकडे बरंय म्हणतात साहेब," तो म्हणाला.

तेव्हापासून मी त्याला चिडवणं कमी केलं. म्हाताऱ्या माणसांना फोन हवा असला की मीच त्याच्याकडे बोट दाखवायचे. बाकीचे दोघं फुगून बसले, फुगू देत.

मग एका महिन्यात साहेब जरा हळू आवाजात बोलले. कंपनी जगभरचा पसारा आवरायला निघाली होती. नवे फोन काढणं जवळजवळ बंदच, पण काही मोजक्या भागांत आवाज, नकाशे असलं सगळं आणखी काही वर्षं चालू ठेवणार. कुठल्या भागांत, ते ठरायचं होतं. "आपण आहोत ना?" येईलने विचारलं. "आकडे चांगले आले तर राहू," साहेब म्हणाले. आता आकडे म्हणजे विक्री, हे आमच्या धंद्यात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. साहेबांनाही तेच वाटत होतं. येईलने मान डोलावली आणि त्या दिवशी तो काच पुसायचं विसरला.

पुढे आमच्याकडे तो फोन जोरात खपायला लागला. माझ्या दुकानात तेवढी गर्दी दिसत नव्हती, पण म्हटलं, दुसरीकडे खपत असेल. आणि एके सकाळी एक निवृत्त मास्तर लालबुंद होऊन दारात उभे. नातीसाठी आदल्या दिवशी फोन घेतला होता, आणि फोनच सांगत होता की त्याची वॉरंटी केव्हाच सुरू झाली आहे. "वापरलेला माल मला नवा म्हणून विकता?" चार गिऱ्हाइकांसमोर ते ओरडले. वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान माझं, असा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. मी त्यांना दुसरा डबा दिला. त्याचीही तीच गत. मी मागच्या खोलीत गेले तर येईल तिथे मांडी घालून बसलेला, भोवती उघडे डबे. एका फोनमधलं सिमकार्ड काढून दुसऱ्यात घालत होता. फोन सुरू करायचा, थोडा वेळ चालू द्यायचा, बंद करून पुन्हा डब्यात, वरून झाकण नीट चिकटवायचं.

ही चलाखी मला नवी नव्हती. नवा फोन पहिल्यांदा सिमकार्डावर सुरू झाला की कंपनीकडे त्याची विक्री लागते. महिनाअखेरीला टार्गेट भरत नसलं की विक्रेते दोन-चार डबे असे सुरू करून ठेवतात. पण इथे दोन-चार नव्हते, भिंतीला लावलेली सगळी थप्पी होती.

"माझ्या दुकानात?" मी म्हटलं. "माझ्या छपराखाली बसून?"

"तुमच्या एकटीच्या नाही ताई," तो म्हणाला. तो खाली पाहत होता, पण हात थांबले नव्हते. "सगळ्या दुकानांत. आपल्या भागातली निम्मी पोरं-पोरी माझ्याच हाताखाली शिकलीत. मी सगळ्यांना सांगितलंय. त्यांचीही नोकरी आहेच की यात."

"अंगाशी येईल हे."

"यात नुकसान कुणाचं? फोन तर विकला जाणारच आहे, आज ना उद्या. नुसता आधी मोजला जाईल. यादी ठरेपर्यंत आकडा वर राहिला पाहिजे, बस. नंतर मी एका डब्याला हात लावणार नाही."

मी पुष्कळ बोलले. लबाड म्हटलं, विश्वासघातकी म्हटलं, आणखीही काय काय. तो ऐकत राहिला. शेवटी मी म्हटलं, माझ्या मालाला पुन्हा हात लावायचा नाही. तो बरं म्हणाला आणि तो शब्द त्याने पाळला. बाकीच्या दुकानांचं मी विचारलं नाही. साहेब मात्र त्या दिवसांत हवेत होते. "अख्ख्या जगात खाली चाललंय आणि आपल्याकडे वर!" म्हणायचे. येईल त्यांच्याकडे पाहून हसायचा, आणि मग माझ्याकडे पाहायचा. मीच नजर वळवायची.

मग एके दुपारी, पावणेतीन-तीनचा सुमार असेल, दुकानात शुकशुकाट. साहेब आले ते कंपनीचा शर्ट न घालता. आले आणि स्टुलावर बसले. "संपलं," म्हणाले. "यादीत आपण नाही. माझीही नोकरी गेली."

"पण विक्री तर वाढली," येईल म्हणाला.

"तेच तर! वरच्यांनी विक्रीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं, विकलेल्यातले किती फोन रोज चालू असतात. आणि आपल्याकडे काय निघालं ठाऊक आहे? निम्म्याहून जास्त फोन एकदा सुरू झाले आणि नंतर महिनोन् महिने बंदच. वरचे म्हणाले, या भागातले लोक फोन घेतात आणि त्याच दिवशी टाकून देतात. इतकी नाराज गिऱ्हाइकं जगात दुसरीकडे कुठे नाहीत म्हणे. सगळ्यांत आधी आपलं नाव खोडलं." साहेबांनी कपाळ चोळलं. "मला अजून कळत नाही. असं करतं कोण?"

येईल काच पुसत होता. फडकं एका जागी गोल गोल फिरत राहिलं.

"आणि विक्री पहिल्यासारखीच राहिली असती तर?" त्याने विचारलं.

"पहिल्यासारखी? तेव्हा तर रोजच्या वापरात आपण सगळ्यांच्या पुढे होतो. म्हातारी माणसं कुठे फोन बदलतात. डोळे मिटून राहिलो असतो यादीत."

साहेब चहा न घेता गेले. फडकं थांबलं. हात दाखवून अवलक्षण, ही म्हण मी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आले, पण ती भोगताना माणूस कसा दिसतो ते पाहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याने फडक्याची घडी घातली, ते काउंटरखाली ठेवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्टुलावर बसला. मला त्याचा राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "पाणी देऊ का?" तो म्हणाला, "तिला सांगू नका ताई."

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. चांगल्यातला चांगला दुसरा फोन काढला. रिपेअरवाल्याने त्यात तेच फोटो घातले, आणि आमची भाषा त्या फोनला येत नव्हती म्हणून प्रत्येक फोटोला माझा आवाज लावला. पण तिथली चित्रं बारीक, रांगा वेगळ्या. तिचं बोट जुन्या जागेवर जायचं आणि भलताच शब्द यायचा. पाणी मागायला जावं तर 'बस' ऐकू यायचं. दोन-तीन दिवस तिने सोसलं, मग फोन पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसली. पुन्हा शिकवू म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, पहिलं शिकली हेच नवल. आता तेवढं बळ मेंदूत राहिलेलं नाही.

कंपनीने आवाज बंद करायचा दिवस आधी कळवला होता. त्या दिवशी दुकान रिपेअरवाल्यावर टाकून मी त्यांच्याकडे गेले. दुपार होती, खिडकीतून ऊन थेट तिच्या मांडीवर आलं होतं. सकाळभर ती बोलत होती, येईल म्हणाला, मुद्दाम तिच्याशी जास्त बोलत बसलो. मी 'कशा आहात' विचारलं. तिने चौकोन दाबला. चौकोन उजळला आणि पुन्हा मंद झाला. आवाज आला नाही.

तिने पुन्हा दाबला. मग आपलं बोट डोळ्यांपुढे धरून पाहिलं, त्यालाच काही झालंय अशा नजरेने. मग तोच हात कानावर नेला. घाबरली होती. तिला वाटलं, आता कानही गेले. मी जवळ जाऊन म्हटलं, "कान ठीक आहेत हो तुमचे, मी बोलते ते ऐकू येतंय ना?" तिने मान डोलावली, आणि येईलकडे पाहिलं.

तो खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसला, फोन दिसेल असा. तिने निळा तांब्या दाबला. "पाणी," तो म्हणाला. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घोगरा झालेला त्याचा आवाज. उठून पाणी दिलं, पुन्हा बसला. तिने खिडकी दाबली. "खिडकी," तो म्हणाला आणि पडदा ओढला. ती जरा सावरली. मला वाटलं, चला, असंही निभेल. हा समोर बसलेला असला की निभेल. हा बाहेर गेला की काय, ते मी मनातच ठेवलं.

मग तिने टेप दाबली.

त्याने पाण्याचा पेला उगाच सरकवून ठेवला. तिने पुन्हा दाबली.

"का," तो म्हणाला.

ती थांबली. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो आता तिचा शब्द बोलला होता, पण प्रश्न त्यालाच होता, आणि उत्तर अख्ख्या शहरात त्याला आणि मलाच ठाऊक होतं. तो 'येईल' म्हणेल असं मला वाटलं. आवाज येईल, पुढच्या महिन्यात येईल, असं काहीतरी. आयुष्यभर त्याने तेच तर सांगितलं होतं. त्याचे ओठ हललेही, पण शब्द आला नाही. तिने टेप दाबली.

"का," तो म्हणाला.

मला तिथे बसवेना. मी उठले, चपला पायात सरकवल्या आणि दार लोटून घेतलं. तो पुन्हा म्हणाला, मग पुन्हा. जिना उतरून खाली येईपर्यंत मला ऐकू येत होतं.